पारदर्शक पंखांची ती ‘गांधील’ डंख मारत नाही

वाळपईच्या एका बागायतदारांचा प्रश्न: ‘अंगणातल्या इक्झोरावर सकाळी मोठ्या गांधिलमाश्या घोंघावतात. नारळ उतरवणारा पाडेली कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) यायला घाबरतो. कुठलं औषध मारू?’ डिचोलीहून एका ताईंनी विचारलंय, ‘अनंताची पानं शेपटीवर शिंग असलेली हिरवी अळी फस्त करते. ती विषारी आहे का?’

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच किड्यात सापडतं, असं वर्णनावरून वाटतं. तो ससाणा पतंगांच्या कुळातला, शास्त्रीय नाव सेफोनोडिस हायलस. बहुतेक पतंग रात्री फिरतात, हा मात्र भर उन्हात. पंख काचेसारखे, अंग हिरवट, पोटावर तांबूस पट्टा. कोषातून बाहेर येतो तेव्हा पंखांवर राखाडी खवले असतात. पहिल्याच भरारीत ते झडून जातात आणि पंख आरपार दिसू लागतात. पक्षी त्याला डंखाची माशी समजून टाळतात. असं सोंग जिवाला कसं तारतं, हे इंग्रज निसर्ग अभ्यासक हेन्री बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडलं. तुमचा पाडेलीही त्याच सोंगाला फसला असावा.

थोडं लांब उभं राहून बघा. गांधिलमाशीची कंबर बारीक असते आणि ती फुलावर, फांदीवर बसते. हा पतंग फुलासमोर अधांतरी थरथरत राहतो, लांब सोंड आत घालतो, मध ओढतो आणि पुढच्या फुलाकडे सरकतो. अंग जाड, शेपटीला काळा झुबका. त्याला नांगी नाही, चावायला जबडाही नाही. त्याच्यासाठी फवारणी करू नका. त्या फवाऱ्यात मधमाश्याही मरतील, हे मला सांगावंच लागेल.

ताई, तुमची अळी याच पतंगाची असावी. तिचं शिंग मऊ असतं, टोचत नाही, आणि त्यात विषही नाही. मात्र अळी खादाड असते. कुंडीतल्या किंवा नव्या रोपावर पाच-सहा अळ्या असल्या तर पानं उरत नाहीत, तेव्हा हाताने वेचा. पानांखाली काळसर लेंड्या दिसल्या की वर शोधा, ती तिथेच असते. मोठ्या झाडाला मी काही करणार नाही, नवी पालवी फुटते. अळ्या फारच झाल्या तर अर्धा किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, १० लिटर पाणी होईल इतकं करा आणि संध्याकाळी फवारा. लहान अळ्यांवरच त्याचा गुण येतो.

वाळपईच्या बंधूंनी एक मात्र तपासावं: माडावर किंवा पोफळीवर कागदासारखं पोळं आहे का? असेल तर ती खरी गांधील. ते काढून घेतल्याशिवाय पाडेलीला माडावर चढवू नका, आणि स्वतः धूर करून पाहू नका.