मुंबई-पुण्यात लाकडाचे, परवडणारे बहुमजली फ्लॅट का बांधत नाहीत? आपल्या पावसात आणि वाळवीपुढे ते टिकतील का?

"टिकतील का" एवढं वाचलं आणि राहवलं नाही. माझा जन्म गिरगावातल्या चार मजली लाकडी चाळीत झाला. ती पडेपर्यंत तिथेच होतो. पडेपर्यंत म्हणजे पाडेपर्यंत. पडली नाही, पाडली. या एका शब्दावरून आमच्या घरात पंधरा वर्षं वाद चालू आहे.

तुम्ही परदेशी लाकडी टॉवरचे व्हिडिओ बघून विचारताय. पण गिरगाव, लालबाग, काळबादेवीत लोक पिढ्यान् पिढ्या लाकडी इमारतींतच राहत आले. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर बडोदं म्हणजे आडवे वासे, वर फळ्या, फळ्यांवर कोबा नाहीतर लादी. मधल्या चौकटीत विटा भरलेल्या. वजन सगळं लाकडावर, भिंत नुसती भरणीची. वरच्या मजल्यावर पोरं पळाली की खालच्यांच्या चहात धूळ पडायची, हे खरं. आवाजाचं तर विचारूच नका.

मी नोकरीभर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर सुपरवायझर होतो. त्यामुळे आमच्या चाळीला "धोकादायक" शिक्का बसला तेव्हा एका रविवारी हातोडी आणि पेचकस घेऊन मी स्वतः फिरलो. पद्धत सोपी आहे. तुळईला हातोडीने ठोकायचं. टणटणीत आवाज आला तर पुढे जायचं, भद्द आला तर तिथे पेचकस दाबायचा. कुजलं असेल तर पेचकस केकमध्ये सुरी जावी तसा मुठीपर्यंत जातो. चांगल्या सागात टोकही रुतत नाही. ६४ तुळया तपासल्या, ११ गेलेल्या निघाल्या. अकराच्या अकरा मोरीखाली नाहीतर संडासाच्या भिंतीत. दोन खोल्या सोडून असलेली तुळई मात्र अशी, की थोडं खरवडल्यावर आत मधासारखा रंग आणि नाकाला सागाच्या तेलाचा वास.

त्या अकराही का गेल्या? आधीच्या दुरुस्तीत कुणा ठेकेदाराने तुळयांची टोकं सिमेंटने गच्च लिंपून टाकली होती. वरून मोरी गळतेय, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नाही. लाकूड भिजलं म्हणून कुजत नाही, वाळायला मिळालं नाही म्हणून कुजतं. ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला तिथे थारा नाही. आमच्या सज्जाचे खांब दर पावसाळ्यात भिजायचे, दिवाळीपर्यंत खडखडीत वाळायचे. त्यांना काहीही झालं नव्हतं.

हे सगळं वहीत आकृती काढून कमिटीपुढे ठेवलं. सेक्रेटरी आमचेच थोरले बंधू, अण्णा. ते म्हणाले, "तुझं लाकूडप्रेम राहू दे. चाळीत राहतो म्हटलं की पोरांची लग्नं जुळत नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. चाळीसजणांची सोय एकीकडे आणि माझ्या ५३ तुळया एकीकडे. सह्या झाल्या.

पाडकामाच्या दिवशी मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. विटा, कौलं, लाद्या धडाधड खाली येत होत्या. तुळया मात्र दोरखंडाला बांधून, चार माणसं वर आणि दोन खाली लावून, लेकराला झोपवावं तशा अलगद उतरवत होते. मी अण्णांना म्हटलं, "कुजलेल्या मालाला इतकं कुणी जपतं का?" अण्णा गप्प. करारनाम्यात नळ कुठल्या कंपनीचे, लाद्या केवढ्या, सगळं होतं. जुन्या लाकडाबद्दल एकच ओळ होती: पाडकामातून निघणारं साहित्य विकासकाचं. जुना बर्मा साग बाजारात काय भावाने जातो ते फर्निचरवाल्याला विचारा. चार ट्रक गेले.

आता तुमच्या व्हिडिओंकडे येतो. तिथलं लाकूड सागवान नसतं. आपण पॅकिंगच्या खोक्यांना वापरतो तशा पाइनच्या जातीच्या फळ्या, एक थर उभा, एक आडवा, असे चिकटवून दाबतात आणि जाड तक्ता करतात. त्याला सीएलटी, म्हणजे क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणतात. प्लायवूडचा थोरला भाऊ समजा. १९९०च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीकडे हे तंत्र वाढलं. लंडनमध्ये मरे ग्रोव्ह नावाच्या रस्त्यावर २००९ साली अशी नऊ मजली इमारत उभी राहिली, २९ फ्लॅटची. तळमजला काँक्रीटचा, वरचे आठ मजले लाकडाचे, अगदी लिफ्टचं डक्टसुद्धा.

मी स्वतः पाहिलेली एकच, व्हँकुव्हरची ब्रॉक कॉमन्स. आणि गंमत अशी, की ती पाहिली ती अण्णांच्याच मुलामुळे. तो ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला आणि राहायला मिळालं याच वसतिगृहात. १८ मजले, ५३ मीटर उंच, चारशेच्या वर मुलं. २०१९ला पदवीदान होतं म्हणून आम्ही दोघे भाऊ गेलो. अण्णा इमारतीत शिरले, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "कुठाय तुझं लाकूड?" दिसतच नाही! आगीसाठी जवळजवळ सगळं जिप्सम बोर्डाखाली झाकलेलं आहे. त्यातून पुतण्याने सांगून टाकलं की तळमजला आणि जिन्या-लिफ्टचे दोन्ही गाभे काँक्रीटचे आहेत. अण्णा जे हसले, ते विमानतळापर्यंत हसत होते.

पण बाकी जवळजवळ सगळा सांगाडा लाकडाचा आहे, हे अण्णा सोयीस्कर विसरतात. खांबही लाकडाचे आणि मजल्याचे तक्तेही. कारखान्यात कापून, नंबर टाकून आणलेले. लाकडी सांगाडा सत्तर दिवसांच्या आत उभा राहिला, तोही २०१६च्या उन्हाळ्यात, म्हणजे तिथला पाऊस सुरू व्हायच्या आधी. जसजसा मजला चढत होता तसतशी बाहेरची भिंतही मागोमाग लावत होते, लाकूड उघडं राहू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मला आमची मोरी आठवली. पावसाला भिणारा देश लाकडात १८ मजले बांधतो तो असा. आपल्याकडे ताडपत्री बांधायलाही जूनचा दुसरा आठवडा उजाडतो.

वाळवी: ती बहुतेक जमिनीतून येते. तळमजला काँक्रीटचा ठेवला, मातीला औषध मारलं आणि दरवर्षी कुणीतरी टॉर्च घेऊन खाली बघितलं तर आटोक्यात राहते. पण पाइनला सागासारखं अंगचं तेल नसतं, म्हणून लाकूड आधीच प्रक्रिया केलेलं हवं.

आग: शनिवारवाडा १८२८ साली जळला, आठवडाभर धुमसत होता, हे प्रत्येक पुणेकर मला ऐकवतो. मान्य. पण जाड तुळई काडीसारखी भुर्रकन पेटत नाही. वरून कोळसा होत जाते, तासाला साधारण चार सेंटीमीटर, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. तुळई तेवढी जास्त जाड धरायची, हा हिशेब. उघडा लोखंडी गर्डर पाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद घालवून वाकतो. आणि आपण दुरुस्तीच्या नावाखाली साग काढून काय घातलं? गर्डर!

परवडणं. इथे तुमच्या प्रश्नाचा पाया जरा चुकलाय. मुंबईत फ्लॅटची किंमत जमीन ठरवते, सांगाडा नाही. उद्या मी फुकट लाकूड दिलं तरी गिरगावात फ्लॅट स्वस्त होणार नाही. फिनलंडमध्ये युवास्कुला गावात पूकुओक्का नावाची आठ मजल्यांपर्यंतची लाकडी वसाहत आहे, पहिली इमारत २०१५ची. तिथे रहिवाशाने किमतीच्या ७ टक्के आधी भरायचे, बाकी सरकारी हमीचं कर्ज, वीस वर्षं भाडं भरलं की घर त्याचं. तो फ्लॅट परवडतो या कागदामुळे. लाकडामुळे काम लवकर उरकतं, पाया हलका लागतो आणि सिमेंट वाचतं, एवढंच. ब्रॉक कॉमन्सलाही सरकारी अनुदान होतं.

"का बांधत नाहीत" याचं एक सरळ कारणही आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी घातली, जंगलं वाचावीत म्हणून. ती उठली २०२०मध्ये. मधल्या सत्तावीस वर्षांत खिडकी ॲल्युमिनियमची झाली आणि तुळई जोडणारे सुतार मॉड्युलर किचनकडे गेले. आता लाकूड आणलंत तरी सांधा कोण करणार?

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सीएलटीवर मी स्वतः कधी काम केलेलं नाही, माझा हात सागावर बसलेला आहे. लाकूड लागवडीच्या झाडांचं नसेल, जंगल तोडून आणलेलं असेल, तर पर्यावरणाच्या गप्पा मारू नका. आणि इंग्लंडने लंडनच्या ग्रेनफेल या रहिवासी टॉवरच्या आगीनंतर, २०१८च्या शेवटी, १८ मीटरवरच्या रहिवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळणारं साहित्य बंद केलं. त्यात लाकूडही आलं, जरी ग्रेनफेलवर पेटलं होतं ते प्लास्टिक भरलेलं ॲल्युमिनियमचं आवरण. तेव्हा आपल्याकडे कुणी १८ मजली लाकडी टॉवर विकायला आला तर आधी फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र मागा. माझ्या मते इथे चार-पाच मजल्यांपासून सुरुवात व्हावी, तळ काँक्रीटचा, आणि सगळे संडास-मोऱ्या एकावर एक, काँक्रीटच्याच गाभ्यात. लाकडाच्या डोक्यावर पाणी ठेवायचंच नाही.

आणि तुमची किंवा तुमच्या मामा-काकांची जुनी चाळ, वाडा पुनर्विकासाला जात असेल तर सही करण्याआधी दोन कामं करा. पेचकस घेऊन स्वतः फिरा, प्रत्येक तुळईवर खडूने नंबर टाका, फोटो काढा. आणि करारात लिहून घ्या, की निघालेलं लाकूड मोजून रहिवाशांच्या नावे जमा होईल. वकील म्हणेल, असं कुणी लिहीत नाही. आमच्याही वकिलाने हेच सांगितलं होतं.

मी त्या ट्रकवाल्याला पैसे देऊन एका तुळईचा दोन फुटांचा तुकडा ठेवून घेतला. नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर दाराशी बसायला ठेवलाय. अण्णा शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात, गुडघे दुखतात, रोज सकाळी फिरायला निघताना येऊन त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधतात. लाकडाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.