दहावी जर्मनीत, अकरावी पुण्यात?

प्रश्न : मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही सात महिन्यांपूर्वी पुण्याहून स्टुटगार्टला आलो. मुलगी चौदा वर्षांची आहे, आठवी पुण्यात झाली. इथे आधी भाषावर्ग, आता नववीसाठी रेआलशुले (दहावीपर्यंतची माध्यमिक शाळा) सुचवली आहे. पुण्यात वर्गात पहिल्या तिनात असायची, इथे गप्प बसते, मार्क घसरलेत. तिला डॉक्टर व्हायचंय. दहावी इथे करून अकरावीला आजीकडे पाठवावं का? मी बी.फार्म. आहे, सध्या घरीच असते.

उत्तर : तुम्ही सुचवलेला मार्गच सगळ्यांत अडचणीचा आहे. महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास लागतो, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. सवलती आहेत, पण त्या मुख्यतः सरकारी आणि सैन्यातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना. दहावी तिकडे झाली, की नीटला उत्तम गुण पडूनही सरकारी कॉलेजात उरतो तो १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि एम्ससारख्या संस्था. तेव्हा परत पाठवायचंच असेल तर नववीलाच पाठवा. सीबीएसईची नोंदणी नववीत होते. थेट दहावीत घुसवताना दमछाक होईल.

मला विचाराल तर पाठवू नका. रेआलशुले म्हणजे दार बंद, असा समज आपल्याकडच्या पालकांत फार आहे. दहावीनंतर बेरुफ्लिशेस गिम्नाझियम, म्हणजे व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळेची तीन वर्षं करून आबिटुअर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठी लागणारं, आपल्या बारावीसारखं प्रमाणपत्र मिळतं. तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात त्यात जैवतंत्रज्ञानाची शाखाही आहे, तुमच्या मुलीला सोयीची. प्रवेशाला जर्मन, गणित आणि इंग्रजी या तीन विषयांची सरासरी ३.० किंवा त्याहून चांगली हवी. तिथे १ सर्वोत्तम आणि ६ सर्वांत वाईट, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. नाहीतर "चार मिळाले" म्हटल्यावर फोनवर गोंधळ होतो.

आता मार्क का घसरले. तिथे तोंडी सहभागालाही मोठं वजन असतं, त्यामुळे गप्प बसणाऱ्या मुलाला पेपर बरा लिहूनही फटका बसतो. गणितात तिची अडचण बहुधा गणिताची नाही, शाब्दिक उदाहरणाची आहे. त्यात दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब: ३,५ म्हणजे साडेतीन, आणि १.००० म्हणजे हजार. तिची वही उघडून पाहा, अशा चुका लगेच दिसतील. उपाय साधा आहे. उद्याच्या धड्यातले दहा-बारा शब्द आदल्या रात्री, नाम असेल तर डेअर, डी, डास या लिंग दाखवणाऱ्या उपपदासकट पाठ करायचे. आणि प्रत्येक तासाला एक उत्तर घरूनच तयार करून न्यायचं, हात वर करायचाच. परीक्षेत शब्दकोश किंवा जादा वेळ मिळेल का, हे वर्गशिक्षकांना लेखी विचारा. बोलीभाषा वर्ष-दोन वर्षांत येते, पुस्तकी भाषेला पाच ते सात वर्षंही लागतात. सात महिन्यांत निकाल लावू नका. आणि शाळेबरोबर ऑनलाइन नीट फाउंडेशनही लावायचा विचार असेल तर तो सोडा. तो वेळ जर्मनचा आहे.

तिकडे मेडिकलची स्पर्धा कमी नाही. मात्र जर्मन आबिटुअर असेल तर तिचा अर्ज जर्मन विद्यार्थ्यांच्या बरोबरीने धरतात. बारावी भारतातून करून गेलेल्यांसाठी बिगर-युरोपीय कोटा अगदी छोटा असतो.

आता तुमचं. घरी बसायचं कारण नाही. पदवीनंतर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झालेली असेल, तर आप्रोबात्सिओनसाठी, म्हणजे तिथे फार्मासिस्ट म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठी, अर्ज रेगिरुंग्सप्रेझीडिउम स्टुटगार्ट या सरकारी कार्यालयाकडे करता येतो. जर्मन अभ्यासक्रम आपल्यापेक्षा मोठा असल्याने बहुधा ज्ञानपरीक्षा द्यावी लागेल. आधी बी२ (मध्यमाच्या वरची) पातळीची जर्मन, मग त्याच्या वरच्या सी१ दर्जाची व्यावसायिक भाषापरीक्षा. पण पहिलं काम पुण्यातलं आहे: विद्यापीठाकडून सर्व सत्रांची गुणपत्रकं आणि शिक्क्यासह अभ्यासक्रमाची प्रत, फार्मसी कौन्सिलकडून गुड स्टँडिंग, म्हणजे तुमच्याविरुद्ध कारवाई नसल्याचं प्रमाणपत्र. याला वेळ लागतो, म्हणून नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन आत्ताच अर्ज करायला सांगा. जर्मन भाषांतर मात्र तिथल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्या, इथलं भाषांतर तिथे नाकारलं जाऊ शकतं.