जंगल तोडून मिळालेली जमीन किती हंगाम पिकते?

प्रश्न : देवासजवळ आमची वडिलोपार्जित काळी जमीन असून माळव्यात सोयाबीनमुळे शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे मी जवळून पाहिले आहे. मग ब्राझीलने ॲमेझॉनचे जंगल काढून तेच पीक घेतले, तर जगाने हरकत का घ्यावी? गरीब देशांनी प्रगती करूच नये, असा त्याचा अर्थ होत नाही का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपला दुसरा प्रश्न न्याय्य आहे, मात्र जिथे घनदाट जंगल उभे आहे तिथली जमीनही कसदार असणार, हे पहिल्या प्रश्नातील गृहीत उष्ण व दमट प्रदेशात बहुतेक ठिकाणी खरे ठरत नाही. माळव्याची काळी चिकणमाती बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे आणि ती अन्नद्रव्ये धरून ठेवते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि लाखो वर्षांच्या अशा पावसाने तिथल्या बऱ्याचशा जमिनीतील कॅल्शियम, पोटॅश यांसारखी द्रव्ये वाहून जाऊन ती आम्लधर्मी झाली आहे. (कोकणातील जांभी मातीही अशाच झिजेतून घडली आहे.) तिथला कस मातीत थोडा आणि झाडांत अधिक असतो, कारण गळलेले पान कुजू लागताच मुळे आणि बुरशी त्यातील द्रव्ये पुन्हा उचलून घेतात. जंगल जाळले की राखेच्या बळावर काही हंगाम पीक येते, आणि पुढे चुना व खते यांचा मोठा खर्च परवडणाराच तिथे टिकतो. छोटा शेतकरी जमीन सोडून नवे जंगल तोडायला पुढे सरकतो. म्हणजे जंगल जाते आणि गरिबी मात्र राहते, ही मला यातील सर्वांत दुःखद गोष्ट वाटते.

शिवाय ॲमेझॉनची झाडे हवेत सोडतात ती वाफ वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे जाऊन तिथल्या शेतांवर पाऊस होऊन पडते, तेव्हा जंगलतोडीचा फटका ब्राझीलच्याच सोयाबीन उत्पादकाला बसतो.

प्रगती थांबवावी लागते का, याचे उत्तर ब्राझीलनेच दिले आहे. २००४ मध्ये तिथे ॲमेझॉनचे २७,००० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल तोडले गेले. त्यानंतर उपग्रहांद्वारे देखरेख आणि दंडाची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तसेच नव्याने तोडलेल्या जमिनीवरील सोयाबीन न घेण्याचा करार २००६ मध्ये व्यापाऱ्यांनी केला. २०१२ पर्यंत वार्षिक तोड ५,००० चौरस किलोमीटरच्या खाली आली. याच काळात देशाचे सोयाबीन उत्पादन वाढले, कारण आधीच मोकळ्या असलेल्या कुरणांचा वापर आणि एकरी उत्पन्न दोन्ही वाढले. सेराडो या गवताळ वनप्रदेशाला मात्र याची झळ बसली, हेही नमूद केले पाहिजे.

खर्च कोणी सोसायचा, हा खरा वादाचा मुद्दा आहे. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्याची सोय केली आणि त्यासाठी इंधनावरील कराचा काही भाग वापरला. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉन निधीला २००८ पासून सर्वाधिक पैसा नॉर्वेने दिला. श्रीमंत देशांनी आपली जंगले तोडूनच समृद्धी मिळवली असल्याने हा दानधर्म नसून त्यांचे देणे आहे, असे माझे मत आहे. पण पैशाबरोबर देखरेखही टिकावी लागते : ती सैल होताच २०२१ मध्ये ब्राझीलमधील वार्षिक तोड पुन्हा १३,००० चौरस किलोमीटरच्या घरात गेली होती.