वाचकांचे प्रश्न : पडलेला कडुनिंब आणि गावाकडचे मातीचे घर

प्रश्न : सविनय नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मानपूरजवळच्या एका गावी आमच्या आजोबांनी घेतलेले मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंच्या छपराचे घर आहे. गेल्या ज्येष्ठातील वादळात अंगणातला जुना कडुनिंब मुळासकट उन्मळून पडला आणि पडताना ओसरीच्या छपराचा कोपराही घेऊन गेला. येत्या रविवारी आम्ही दोघे भाऊ, मेहुणे आणि मुले असे सहा जण जाऊन एका दिवसात लाकूड फोडावे, ओसरी दुरुस्त करावी आणि भिंतींना गिलावा करून मोकळे व्हावे असा बेत आहे. ओसरीचे दोन वासे कुजलेले दिसतात. त्यांच्या जागी याच कडुनिंबाचे लाकूड वापरता येईल का? उरलेले सरपण इंदूरला आणावे की तिथेच ठेवावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या बेतातील तीन कामांपैकी लाकूड फोडण्याचे काम एका दिवसात बरेचसे उरकेल, ओसरीच्या दुरुस्तीला सुरुवात होईल, आणि गिलाव्याला मात्र त्या दिवशी हात लावू नये. सहा जणांची मेहनत कमी पडेल म्हणून मी हे म्हणत नाही. छपराचा कोपरा उघडा राहिल्यामुळे ज्या भिंतीत पावसाळाभर पाणी मुरले आहे, ती भिंत अजून आतून ओली असणार, आणि जो कडुनिंब सालीसकट पडून आहे त्याच्या पोटातही पाणी तसेच असणार. ओली भिंत झाकणे आणि ओले लाकूड छपराला चढवणे या दोन्ही चुका पुढे दुप्पट खर्चाने निस्तराव्या लागतात.

कुऱ्हाड उचलण्याआधी कागदाचे पाहावे. झाड आपल्या अंगणातले आणि वादळाने पडलेले असले तरी ग्रामपंचायतीला आणि पटवाऱ्याला कळवून साधा पंचनामा करून घेतलेला बरा, म्हणजे पुढे ‘झाड पडले की पाडले’ हा वाद उरत नाही. मध्यप्रदेशात आरा मशीन, म्हणजे लाकूड चिरण्याची गिरणी, 1984 च्या काष्ठ चिरान कायद्याखाली परवान्यावर चालते, त्यामुळे खोड चिरायला नेल्यावर मालकही कागद मागतो. लाकूड रस्त्याने न्यायचे झाल्यास परवाना कोणत्या जातीला लागतो आणि कोणत्या जातीला सूट आहे हे शासनाच्या अधिसूचनेवर ठरते, म्हणून वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारूनच गाडी भरावी. जुन्या घरातून निघालेले सागाचे तुकडे त्याच गाडीत टाकण्याचा मोह मात्र अजिबात नको. सागाची वाहतूक परवान्याशिवाय करता येत नाही.

आता वाशांविषयी. कडुनिंबाचे लाकूड वाईट नाही. त्याचा आतला तांबूस गाभा किडीला सहसा दाद देत नाही आणि खेड्यांत त्याच्या चौकटी व पेट्या पूर्वापार होत आल्या आहेत. पण त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, आणि असे लाकूड ओले असताना वापरले तर वाळताना पिळवटते. लाकडातील ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे 28 ते 30 टक्क्यांच्या खाली उतरू लागला की ते आकसू लागते, त्याआधी नाही. म्हणूनच ताजे लाकूड सुताराच्या हातात सरळ दिसते आणि वैशाखात छपरावर वाकडे होते. फळी सावलीत वाळवण्याचा ढोबळ हिशेब एका इंच जाडीला एक वर्ष असा आहे. आपले खोड पाच-सहा महिने पडून आहे खरे, पण सालीसकट अख्खे पडलेले खोड जवळजवळ वाळतच नाही. तेव्हा यंदाच्या वाशांसाठी बाजारातून वाळलेले लाकूड किंवा जुन्या इमारतीचे उतरवलेले लाकूड पावतीसह घ्यावे. कडुनिंबाच्या खोडाचा सरळ, गाठी नसलेला भाग चिरून घ्यावा, फळ्यांच्या दोन्ही टोकांना तेलरंगाचा जाड हात द्यावा, कारण टोकांतून पाणी सर्वांत झपाट्याने उडते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. मग जमिनीपासून हातभर उंच, प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून फळ्या रचून ठेवाव्यात. त्या चौकटीला उपयोगी पडतील, पण पुढच्या किंवा त्यापुढच्या वर्षी.

कुजलेले वासे नक्की कुठे कुजले आहेत हे पाहिल्याशिवाय अख्खे काढू नयेत. बहुतेक जुन्या घरांत वाशाचा किंवा तुळईचा मधला भाग ठणठणीत असतो आणि भिंतीत शिरलेले वीतभर टोक तेवढे गेलेले असते. मातीची भिंत तिथे ओल धरते, हवा मिळत नाही आणि वाळवीला झाकलेली वाट मिळते. जाड पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) टोकाजवळ दाबून पाहावा, हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. टोकच खराब असेल तर तेवढे कापून दोन्ही अंगांनी वाळलेल्या लाकडाच्या जोडपट्ट्या बोल्टने आवळता येतात, आणि नवे टोक मातीवर न टेकवता दगडाच्या चपट्या तुकड्यावर, भोवती बोटभर पोकळी ठेवून बसवता येते. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत. जमिनीजवळ दगड आणि लाकूड त्याच्या वर, हे शहाणपण साध्या ओसरीच्या खांबालाही लागू आहे: खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करावा.

लाकूड फोडण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शहरातून गेलेल्या हौशी मंडळींना इजा होते ती याच कामात. सर्वांत आधी कुऱ्हाडीचा दांडा तपासावा. पाते ढिले असले की दांडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने लाकूड फुगून पाते दिवसभर घट्ट बसते हे खरे, पण वाळल्यावर ते पहिल्यापेक्षा अधिक ढिले होते. दांड्याच्या माथ्यात सुक्या लाकडाची पाचर ठोकणे हाच उपाय होय. नवा दांडा घ्यायचा असेल तर धावड्याचा मिळतो का ते विचारावे. चिवट आणि हादरा सोसणारे लाकूड म्हणून त्याची ख्याती आहे.

खोडाचे आधी करवतीने हात-दीड हात लांबीचे ओंडके करावेत. फोडायचा ओंडका उघड्या जमिनीवर नव्हे, तर गुडघ्याहून थोड्या कमी उंचीच्या दुसऱ्या रुंद ओंडक्यावर उभा ठेवावा, म्हणजे घाव चुकला तरी पाते त्या खालच्या लाकडात रुतते, नडगीवर येत नाही. पाय फाकवून उभे राहावे, चपला नकोत, बंद बूट हवेत, आणि मुलांना पंधरा फूट लांब ढलप्या गोळा करायला बसवावे. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर नैसर्गिक भेग दिसते, तिच्या रोखाने घाव घालावा. जाड ओंडका मध्यावर फोडण्याचा हट्ट धरू नये. कडेकडेने पाकळ्यांसारखे तुकडे काढत आत यावे. कडुनिंबाच्या गुंतलेल्या तंतूंमुळे बुंध्याचा आणि फांद्या फुटल्या आहेत तेथला भाग कुऱ्हाडीला दाद देणार नाही. तिथे लोखंडी पाचर आणि घण वापरावा, आणि तेवढ्यानेही न फुटणारी गाठ तशीच सोडावी. अंगणात बसायला तिचा उत्तम उपयोग होतो. कुऱ्हाड अडकली म्हणून तिच्या पाठीवर घण मारणे धोक्याचे आहे. पात्याचे नेढे, म्हणजे दांडा बसतो ते भोक, फाटते किंवा पोलादाचा कपचा उडून डोळ्यात जातो. पाचरेचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले असेल तर त्याच्या कडा आधी घासून घ्याव्यात.

सरपण इंदूरला आणून काय करणार, हा प्रश्न मला पडला. ते तिथेच, ओसरीच्या भिंतीला न टेकवता, खाली विटा घालून, वरून झाकून आणि चारी बाजूंनी मोकळे ठेवून रचावे. फोडलेले लाकूड सहा महिने ते वर्षभरात जाळण्याजोगे होते. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली यावा लागतो. एक तुकडा स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून त्यावर वजन लिहून ठेवावे. पुढच्या फेऱ्यांत वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले असे समजावे. ओले लाकूड जाळले तर पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते. दर किलो पाण्याला सुमारे 540 किलोकॅलरी. पण त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे: ज्वाळा थंड पडते, लाकडातून निघणारे वायू पुरते न जळता धूर होऊन निघून जातात आणि चुलीपाशी बसलेल्याच्या छातीत शिरतात. (गावी दाळ-बाफल्यांचा बेत असेल तर बाफले गोवऱ्यांवरच भाजावेत. कडुनिंबाच्या धुराने ते कडवटतात, अशी आमच्या घरातील जुन्या माणसांची तक्रार असे.)

दिवसाचा क्रम असा ठेवावा: सकाळच्या गारव्यात लाकूड, कारण दुपारी थकलेल्या हातातील कुऱ्हाड चुकते. जेवणानंतर ओसरीचे उरलेले कवेलू उतरवून, फुटके वेगळे काढून, वाशांची टोके तपासणे आणि मापे घेणे. उन्हे उतरण्यापूर्वी उघड्या कोपऱ्यावर ताडपत्री बांधणे. कवेलू पुन्हा चढवायला गावातलाच माणूस बोलवावा. कौले चाळणे, किंवा आपल्याकडे म्हणतात तसे कवेलू फेरणे, हे दिसते तितके सोपे नाही आणि जुन्या कवेलूंवर चुकीच्या जागी पाय पडला की एकाचे पाच फुटतात.

प्रश्न : आमच्या सांवेरकडील घराच्या मातीच्या भिंतींना चार वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. आता जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत तो फुगून सुटतो आहे आणि पांढरी बुकटी दिसते. पुन्हा अधिक सिमेंट घालून गिलावा करावा का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : करू नये. ती पांढरी बुकटी म्हणजे लोणा. जमिनीतील ओल भिंतीतून वर चढते, सोबत क्षार आणते आणि जिथून पाणी उडते तिथे क्षार साचतात. पूर्वीच्या मातीच्या आणि चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल सहज बाहेर पडत होती. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून आतली माती ओली राहून मऊ पडते आणि सिमेंटचा कडक पापुद्रा तिच्यापासून सुटतो. अधिक सिमेंट घातल्याने पापुद्रा अधिक कडक होईल, इतकेच.

सुटलेला गिलावा जमिनीपासून चार फुटांपर्यंत काढून भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवावी. त्या काळात छपराचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडते का ते पाहावे. बहुधा पडत असते. ओटल्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. नंतर पिवळी माती, वाळू आणि गव्हाचा भुसा दोन-तीन दिवस भिजवून, तुडवून केलेला गारा लावावा. शेतातील काळी माती यासाठी घेऊ नये, कारण ती वाळताना इतकी आकसते की गिलाव्यावर जाळे उमटते. अधिक टिकाऊ काम हवे असेल तर निदान आठवडाभर भिजवून ठेवलेला चुना एक भाग आणि वाळू तीन भाग असा गिलावा करावा आणि काही दिवस तो ओलसर ठेवावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे त्याला सिमेंटची घाई लावता येत नाही. मिस्त्री ‘थोडे सिमेंट मिसळू, लवकर धरेल’ असे हमखास सुचवील. तिथे आपण खंबीर राहावे.

प्रश्न : राऊ येथील आमच्या घराच्या भिंतीपासून सात-आठ फुटांवर मोठी बाभूळ आहे. दर वैशाखात त्या बाजूच्या भिंतीला तिरपी भेग पडते आणि पावसाळ्यात ती मिटते. बाभूळ तोडून सरपण करावे काय?
— एक वाचक, राऊ

उत्तर : भेग बाभळीमुळे पडत असेल, तरी ती एकदम तोडणे हा उपाय नाही. मालव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते. झाड उन्हाळ्यात पायाखालचे पाणी ओढून घेते, त्यामुळे त्या बाजूची माती अधिक आकसून पाया किंचित खाली बसतो. इतकी वर्षे कोरडी राहिलेली माती झाड गेल्यावर पाणी धरून फुगू लागते आणि पाया उलट वर उचलला जातो. अशा उचलण्याने पडलेली भेग पावसाळ्यात मिटत नाही. म्हणून यंदा फक्त घराकडच्या फांद्या छाटून पानांचा भार कमी करावा, भिंतीलगत तीन-चार फूट रुंद फरशी बाहेर उतार देऊन घालावी, आणि भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून तारीख लिहावी. काच केव्हा तडकते यावरून हालचाल कोणत्या महिन्यात होते ते कळेल. राऊ हे नगरीय क्षेत्र आहे, त्यामुळे पुढे झाड काढण्याचे ठरलेच तर 2001 च्या वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे आधी नगर परिषदेकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागेल. छाटलेल्या बाभळीच्या फांद्यांचे सरपण उत्तम होते, पण त्या ओल्या असतानाच फोडून घ्याव्यात. वाळलेली बाभूळ कुऱ्हाडीची धार बोथट करते.