मायकेल हर्बर्ट यांना मुत्सद्दी म्हणावे का?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतले ब्रिटिश राजदूत सर मायकेल हर्बर्ट (1857–1903) यांच्यावर टिपण लिहिताना 'उमराव, मुत्सद्दी, अमेरिकन वारसदार स्त्रीचे पती' असे लिहिले तर चालेल का?

माझ्या मते तिन्ही शब्द थोडे जास्तच बोलतात.

'मुत्सद्दी' मूळचा अरबी. कारकून, कारभारी या अर्थाने तो आपल्याकडे आला आणि पुढे धोरणी, कावेबाज माणसाला चिकटला. नाना फडणवीस मुत्सद्दी, पण परक्या दरबारात पेशव्यांची बाजू मांडायला बसत तो वकील. हल्ली वर्तमानपत्रे परराष्ट्र सेवेतल्या कुणालाही मुत्सद्दी म्हणतात. ते रूढ झाले आहे, तरी त्यात शाबासकी राहतेच. हर्बर्ट यांनी ती कमावली हेही खरे. जानेवारी 1903 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन हे यांच्याबरोबर त्यांनी अलास्का आणि कॅनडा यांच्यामधल्या सीमेचा वाद लवादाकडे सोपवणारा करार केला. ब्रिटन, जर्मनी, इटली यांनी केलेल्या व्हेनेझुएलाच्या नाकेबंदीचा तिढाही त्याच हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या वाटाघाटींत सुटला. पण हे सारे शेवटच्या वर्षातले. 1888 मध्ये त्यांचे वरिष्ठ, वॉशिंग्टनमधले ब्रिटिश प्रतिनिधी सॅकव्हिल-वेस्ट, यांचे एक खाजगी पत्र अमेरिकेच्या निवडणुकीत फुटले, त्यांना देश सोडायला सांगितले गेले आणि दूतावास तिशीतल्या हर्बर्टच्या गळ्यात पडला. तेव्हा ते फक्त प्रभारी होते. राजदूत झाले ते 1902 मध्ये.

'उमराव'ही नको. पेंब्रोकची अर्लकी, म्हणजे घराण्याची उमरावकी, थोरल्या भावांकडे गेली, 'सर' ही पदवी उशिरा मिळाली. 'उमराव घराण्यातले' म्हणा, बिनचूक होईल.

खरी अडचण 'वारसदार'ची. मराठीत वारस म्हटले की आधी कुणीतरी वारलेले असते, सातबारा डोळ्यांपुढे येतो! हर्बर्ट यांची पत्नी लीला विल्सन हिचे वडील, न्यूयॉर्कचे बँकर रिचर्ड विल्सन, 1888 च्या लग्नात ठणठणीत होते आणि जावयाच्या मागेही काही वर्षे जगले. तिची एक बहीण पुढे व्हँडरबिल्टांकडे पडली, भावाने ॲस्टरांची मुलगी केली; दोन्ही अमेरिकेतली गडगंज घराणी. अशा घरच्या मुलीला आपण 'बड्या घरची लेक' म्हणतो.

मी असे लिहीन : 'पेंब्रोकच्या उमराव घराण्यातले, ब्रिटिश परराष्ट्र सेवेत आयुष्य घालवलेले हर्बर्ट 1902 मध्ये वॉशिंग्टनला राजदूत झाले आणि पुढच्याच वर्षी, अलास्काचा निकाल लागण्याआधी काही आठवडे, दाव्होसला क्षयाने वारले. पत्नी न्यूयॉर्कच्या बड्या घरची.'