मोझांबिकच्या झेंड्यावर बंदूक का आहे?

‘स्वातंत्र्यलढ्याची खूण म्हणून’ हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. हा झेंडा मुळात एका पक्षाचा, हे लक्षात घेतलं की बंदुकीचा उलगडा होतो आणि तिच्यावरून होणाऱ्या भांडणाचाही.

पोर्तुगीजांविरुद्ध लढायला १९६२ मध्ये आजच्या टांझानियातल्या दार-ए-सलामला फ्रेलिमो ही संघटना उभी राहिली. १९६४ च्या सप्टेंबरात तिने शस्त्र उचललं. हिरवा, काळा, पिवळा असे आडवे पट्टे, मध्ये पांढऱ्या रेघा आणि काठीकडे लाल त्रिकोण, हा तिचा झेंडा. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा मात्र कोपऱ्यातून तिरपे पट्टे निघणारा वेगळाच झेंडा फडकला. त्यातही दातेरी चाकाच्या आत बंदूक होतीच. १९८३ मध्ये फ्रेलिमोच्या सरकारने आपल्या पक्षाचे आडवे पट्टे पुन्हा स्वीकारले आणि आजचा झेंडा आला.

रंगांचे अर्थ सरळ आहेत: हिरवा म्हणजे जमिनीची संपत्ती, काळा आफ्रिका खंड, पिवळा खनिजं, पांढरा शांतता, लाल लढा. त्रिकोणात पिवळा तारा, त्यावर उघडं पुस्तक आणि पुस्तकावर एकमेकांना छेदणारी कुदळ व संगीन लावलेली एके-४७. शिक्षण, उत्पादन, संरक्षण. मला यातलं पुस्तक सगळ्यात बोलकं वाटतं. पोर्तुगीज गेले तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोक निरक्षर होते.

गोव्याशीही याचा धागा आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे जवळचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा मूळ गोव्याचे; १९८६ च्या विमान अपघातात दोघेही गेले.

बंदूक लोकांना खुपते ती पुढच्या इतिहासामुळे. १९७७ ते १९९२ फ्रेलिमो सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना (नंतर विरोधी पक्ष) यांच्यात यादवी युद्ध झालं, लाखो माणसं मेली, आणि आता याच बंदुका आपल्याच लोकांवर रोखलेल्या होत्या. १९९५ पासून तिथल्या चर्च परिषदेने शस्त्रं जमा करणाऱ्यांना कुदळी, शिवणयंत्रं, सायकली द्यायला सुरुवात केली. निकामी केलेल्या शस्त्रांतून कलाकारांनी शिल्पं घडवली. केस्टर यांनी केलेली खुर्ची आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. झेंड्यावरची बंदूक मात्र जागची हलली नाही. २००५ मध्ये नव्या झेंड्यासाठी स्पर्धा झाली, शंभरावर नमुने आले, पण संसदेत बहुमत फ्रेलिमोचं, त्यामुळे बदल फेटाळला गेला. रेनामोला तो झेंडा अजूनही फ्रेलिमोचाच वाटतो आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. १९७५ पासून फ्रेलिमोची सत्ता कधी गेलेली नाही, तेव्हा इतक्यात काही बदलेल असं दिसत नाही.

‘बंदूक असलेला जगातला एकमेव झेंडा’ असंही कुठे वाचाल, ते तितकंसं खरं नाही. ग्वाटेमालाच्या झेंड्यावरच्या बोधचिन्हात जुन्या धाटणीच्या रायफली आहेत. एके-४७ सारखी आधुनिक रायफल मात्र मोझांबिकच्याच राष्ट्रध्वजावर.