सीवर ओव्हरफ्लोचं केंद्रीय अनुदान: शहराला काय मिळतं, आपल्या बेसमेंटला काय

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: न्यू जर्सीत हडसनकाठच्या जुन्या शहरात घर आहे, जोराचा पाऊस झाला की बेसमेंटच्या फ्लोअर ड्रेनमधून घाण पाणी वर येतं, सीवरचं बिल वाढतच चाललंय, आणि आता 'सीवर ओव्हरफ्लोसाठी केंद्राचं अनुदान मिळवणार' असं शहराच्या पत्रकात छापून आलंय. ते आलं तर बिल उतरेल का, बेसमेंट कोरडं राहील का, आणि हे पैसे नक्की कशासाठी असतात?

मी याच क्षेत्रात आहे. छोट्या शहरांसाठी असे अर्ज तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहिते. बिल उतरणार नाही. नुसत्या अनुदानाने बेसमेंटही कोरडं होणार नाही. तरीही तुमच्या शहराने ते मागावं, आणि मागतंय का याच्यावर तुम्ही लक्ष ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी पाणी वर का येतं ते बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. तुमच्याकडची गटारं 'कंबाइंड' आहेत. संडास-मोरीचं पाणी आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं. ही शहरं वाढली तेव्हा शुद्धीकरण नव्हतंच, सगळं नदीतच सोडायचं होतं, मग दोन पाइप कशाला टाकतील? पुढे नदीकाठाने मोठा इंटरसेप्टर पाइप टाकला, जुने पाइप त्याला जोडले, आणि जोडावर रेग्युलेटर नावाचं चेंबर बांधलं. त्याच्या मॅनहोलमधून खाली वाकून पाहिलं तर दिसतो विटांचा जुना पाइप, त्यात आडवा घातलेला ठेंगणा बांध, आणि बांधाच्या अलीकडे तळाशी एक भोक. कोरड्या दिवसांत मैलापाणी त्या भोकातून खाली पडतं आणि इंटरसेप्टरने शुद्धीकरण केंद्राकडे जातं. पाऊस आला की भोक पुरत नाही, पाणी चढतं, बांधावरून उलटतं आणि थेट नदीत जातं. यालाच कंबाइंड सीवर ओव्हरफ्लो म्हणतात. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

नदीच्या बाजूला एक जड झडप असते, भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून. भरती भरात असताना ती उघडत नाही. मग पाणी ना नदीत जातं ना केंद्राकडे, ते मागे गल्लीबोळातल्या पाइपांत तुंबतं. तुमच्या फ्लोअर ड्रेनचं तोंड त्या तुंबलेल्या पातळीच्या खाली असेल तर पाणी तिथून वर येणारच. पुढच्या वेळी असं झालं की त्या तासाची भरती तपासून बघा. भरतीशी मेळ बसला तर शहराच्या इंजिनिअरला सांगायला तुमच्या हातात नेमकी माहिती असेल.

अमेरिकेत अशी कंबाइंड गटारं सुमारे ७०० शहरा-गावांत आहेत, त्यातली २१ न्यू जर्सीत. पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) २००४ साली अमेरिकी काँग्रेसला (संसदेला) दिलेल्या अहवालात देशभरच्या या ओव्हरफ्लोचा अंदाज वर्षाला ८५,००० कोटी गॅलन असा दिला होता. एडिसनसारख्या उपनगरांत दोन पाइप वेगळे असतात, पण तिथेही मैलापाण्याचे पाइप भरून वाहतात. पाइपांच्या फटींतून आणि मुळांनी फोडलेल्या सांध्यांतून पावसाचं पाणी आत शिरतं, कुणी संप पंप (बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणारा पंप) बेकायदा सीवरला जोडलेला असतो, किंवा तेलातुपाचा थर बसून पाइप चोंदतो. (दिवाळीचं तळण झाल्यावर कढईतलं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. थंड करा, डब्यात भरा, कचऱ्यात टाका. अशी साठलेली चरबी मी पाइपातून काढताना पाहिली आहे. ती फावड्याने खरवडावी लागते.)

आता पैशांकडे येऊ. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टनंतर केंद्र सरकार शुद्धीकरण केंद्रं आणि सीवर यांच्या बांधकामाचा ७५ टक्के खर्च अनुदान म्हणून देत असे. १९८७ च्या दुरुस्तीने ती पद्धत मोडीत निघाली आणि तिच्या जागी राज्यांचे फिरते निधी आले. केंद्र राज्याला भांडवल देतं, राज्य शहरांना कमी व्याजाने कर्ज देतं, फेडीचे पैसे आले की ते पुढच्या शहराला. व्यवस्था चांगली आहे, पण कर्ज ते कर्जच. ते तुमच्या-माझ्या सीवर बिलातूनच फिटतं. बिलं चढण्याचं मुख्य कारण हे. त्यात १९९४ साली ईपीएने ओव्हरफ्लोचं धोरण ठरवलं आणि प्रत्येक शहराला दीर्घ मुदतीचा नियंत्रण आराखडा करणं भाग पडलं. त्यातला एक प्रचलित निकष असा, की पावसात या जाळ्यात येणाऱ्या पाण्यापैकी वर्षाकाठी ८५ टक्के पाणी पकडून शुद्ध करायचं. न्यू जर्सीतल्या शहरांनी आपले आराखडे २०२० साली राज्याला सादर केले. तुमच्या शहराचाही आराखडा आहे, आणि तो सार्वजनिक कागद आहे.

तुमच्या पत्रकातलं अनुदान म्हणजे बहुधा 'सीवर ओव्हरफ्लो अँड स्टॉर्मवॉटर रीयूज म्युनिसिपल ग्रँट्स'. क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम २२१ खाली हे येतं. २०१८ च्या कायद्याने त्याला आजचं रूप दिलं आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने वाढवलं. ईपीए पैसे थेट शहराला देत नाही, राज्याला देते. कुठल्या राज्याला किती, हे लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, सरासरी पाऊस आणि राज्याने नोंदवलेली कामांची गरज यावरून ठरतं. राज्य मग शहरांना वाटतं. मैलापाण्याचे ओव्हरफ्लो थांबवणं, पावसाचं पाणी अडवणं, शुद्ध करणं, पुन्हा वापरणं, यासाठीचं नियोजन, डिझाइन आणि बांधकाम त्यात बसतं. ओव्हरफ्लो झाला की लोकांना कळवणारी यंत्रणाही बसते. रोजची देखभाल बसत नाही.

या शेवटच्या वाक्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. कॅचबेसिन (रस्त्याकडेच्या जाळीखालचे खड्डे) उपसणं, पंपांची दुरुस्ती, रात्री दोनला मॅनहोल उघडणाऱ्या माणसांचे पगार, हे सगळं बिलातूनच येतं आणि यायलाच हवं. अनुदानातून टाकी बांधली आणि तिचा गाळ काढायला पैसे ठेवले नाहीत, की काही वर्षांत ती टाकी नसल्यासारखीच होते. बिल वाढलं म्हणून रागावण्याआधी त्यातला किती भाग देखभालीला जातो ते विचारा. तो भाग कमी असेल तर मला जास्त काळजी वाटेल.

या चर्चेत एका सदस्याने लिहिलंय की एवढा मोठा कायदा झाला तर पैसा भरपूर असणार. नाही हो. कायद्यात २०२२ ते २०२६ या वर्षांसाठी दरसाल २८ कोटी डॉलरची मुभा आहे. मुभा म्हणजे तरतूद नव्हे. २०२० साली प्रत्यक्ष मिळाले २.८ कोटी, आणि २०२४ साली ४.१ कोटी, तेही सगळ्या देशात मिळून. ईपीएच्या २०२२ च्या पाहणीत देशभरची सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याची पुढच्या वीस वर्षांची गरज ६३,००० कोटी डॉलर निघाली. एकट्या फिलाडेल्फियाने २०११ साली हाती घेतलेली पंचवीस वर्षांची योजना २४० कोटींची होती. हे आकडे शेजारी ठेवले की समजतं, की या अनुदानातून बोगदे होत नाहीत.

मग त्याचा उपयोग कुणाला? ज्यांना कर्ज झेपत नाही त्यांना. राज्याच्या वाट्यातला किमान २५ टक्के भाग ग्रामीण (१०,००० पर्यंत वस्तीच्या) आणि आर्थिक अडचणीतल्या गावांसाठी ठेवायचा असतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा गावांकडून खर्चाचा हिस्सा मागता येत नाही. एरवी २० टक्के वाटा केंद्राबाहेरून उभा करावा लागतो. तीन हजार वस्तीच्या गावात दहा लाख डॉलरचं कर्ज काढलं तर प्रत्येक घरावर किती पडतं याचा हिशोब करून बघा. त्या गावाला दोन-तीन लाखांचं अनुदानसुद्धा पाइपांची कॅमेरा तपासणी आणि डिझाइन करून देतं, आणि डिझाइन हातात असलं की मोठ्या निधीच्या दारात उभं राहता येतं. मी हे होताना पाहिलंय. एका छोट्या गावात पावसाळी ओव्हरफ्लो थांबत नव्हते. तपासणीसाठी मॅनहोलमधून पाइपांत पांढरा निरुपद्रवी धूर सोडला. छपरावरच्या व्हेंटमधून तो येतोच, यायलाच हवा. पण तो घरांच्या पागोळ्यांच्या नळ्यांतून, एका शाळेच्या आवारातल्या जाळीतून, अंगणातल्या हिरवळीतून वर येऊ लागला. जिथून धूर बाहेर येतो तिथून पाऊस आत जातो. तिथली बरीच जोडणी साध्या प्लंबिंगने सुटली, मोठ्या टाकीचा विचार लांबणीवर टाकता आला. तपासणीला पैसे नसते तर त्या गावाने थेट टाकीसाठी कर्ज काढलं असतं.

तुमचं शहर ग्रामीण नाही, पण अडचणीतल्या शहरांच्या व्याख्येत येतं का ते राज्याच्या निकषांवर ठरतं. ते विचारण्यासारखं आहे. शिवाय किमान २० टक्के रक्कम हिरव्या पायाभूत सुविधा (पावसाचं पाणी पडतं तिथेच मुरवणाऱ्या किंवा साठवणाऱ्या सोयी), पाणी-वीज बचत असल्या कामांना द्यायची असते, आणि दाट वस्तीच्या शहरांनी खरी बाजी तिथे मारावी. लांब जायला नको, होबोकेन बघा. तिथला पश्चिमेकडचा भाग सखल, २०१२ च्या सँडी वादळात शहर बुडालं होतं. त्यांनी बागांच्या खाली पाणी साठवायला सुरुवात केली. २०२३ साली उघडलेली तिथली 'रेझिलियनसिटी पार्क' पाच एकरांची आहे आणि सुमारे २० लाख गॅलन पावसाचं पाणी थोपवून धरते. वर मुलं खेळतात, खाली टाकी. पाऊस ओसरल्यावर पाणी हळूहळू सोडायचं. तिथल्या कामांना वेगवेगळ्या ठिकाणचे पैसे लागले, एका अनुदानात हे होत नाही. पण पाणी रेग्युलेटरपर्यंत पोचण्याआधीच अडवायचं, हा विचार छोट्या अनुदानातही अमलात येतो: एका शाळेचं पार्किंग, एक रस्ता, एक मैदान.

अजून एक. हे पैसे मागणाऱ्यांत ज्याचा प्रकल्प आधीच राज्याच्या फिरत्या निधीच्या यादीत आहे, ज्याच्याकडे आराखडा आणि नकाशे आहेत, तो पुढे जातो. कामगारांना ठरलेली मजुरी, अमेरिकेत बनलेलं लोखंड-पोलाद, या केंद्राच्या अटीही खर्चात धरलेल्या असाव्या लागतात. जाहिरात आल्यावर कागद जमवायला बसणारी गावं मागे पडतात, आणि ती बहुतेक वेळा गरजेची गावं असतात. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून शहराच्या कौन्सिलच्या मीटिंगला जा. पब्लिक कमेंटला काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात तीन गोष्टी विचारा. आमच्या भागाचं काम राज्याच्या यादीत आहे का, आणि कितव्या क्रमांकावर? अनुदान नाही मिळालं तर तेच काम मुद्दल माफीच्या कर्जातून होऊ शकतं का? २०२१ च्या कायद्याने फिरत्या निधीत जे जादा पैसे घातले, त्यातला जवळपास निम्मा भाग असा परत न फेडण्याच्या बोलीवर द्यायचा आहे. आणि बांधून झाल्यावर देखभाल कोण करणार, कुठल्या पैशातून?

घराचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल, कारण घरापासून रस्त्यातल्या पाइपापर्यंतची जोडणी बहुतेक ठिकाणी मालकाची असते. परवानाधारक प्लंबरकडून बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवा. सीवर उलटं आलं की तो मिटतो. पण मिटला की तुमच्याही घरातलं पाणी बाहेर जात नाही, तेव्हा त्या वेळी वॉशिंग मशीन नाही, अंघोळ नाही. आणि छपराच्या पागोळ्यांची नळी घराच्याच सीवरला जोडलेली असेल तर आधी ती तोडून घ्या (तुमच्या शहरात त्याची परवानगी लागते का ते विचारून). हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सहाशेहून जास्त गॅलन पाणी होतं. व्हॉल्व्ह मिटलेला असताना ते सगळं तुमच्याच बेसमेंटमध्ये उतरेल. व्हॉल्व्ह बसवूनही बेसमेंट भरल्याच्या तक्रारी येतात, त्यात हे कारण मी अनेकदा पाहिलंय.

विम्याची पॉलिसी आजच काढून वाचा. साध्या घरविम्यात सीवर बॅकअप सहसा धरलेला नसतो, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. आणि पाणी आलं की प्रत्येक वेळी तारीख, वेळ, फोटो यांसह शहराकडे लेखी तक्रार नोंदवा. फोनवर सांगितलेलं कुठे राहत नाही. अर्जात 'या गल्लीत इतक्या तक्रारी' हा तक्ता घालावा लागतो तेव्हा मी अशाच नोंदी शोधत बसते, आणि आपल्या लोकांच्या गल्लीतून त्या फार कमी सापडतात. शेजाऱ्यांनाही नोंदवायला सांगा.

अनुदानाच्या अर्जाचा ठराव कौन्सिलच्या अजेंड्यावर आला की तो इथे टाका. कुठल्या गल्ल्या धरल्या आहेत आणि कुठल्या सुटल्या, ते वाचून सांगते.